काका, तुमचा गेज अजून माझ्याकडेच आहे

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

नाव लिहायचं नाही ही तुमची अट पाळतोय. बाकी सगळं मात्र लिहिणार आहे. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, आधी तो जॅक उचलून ठेव" म्हणून विषयच तोडता. पत्राला तसं तोडता यायचं नाही.

गाडी घेतली तेव्हा मी तिच्या दिसण्यावर भाळलो होतो. आधीच्या मालकानं 17 इंची अलॉय चाकं चढवलेली, आखूड स्प्रिंगा टाकून गाडी खाली बसवलेली. फोटोत काय दिसायची! आत बसलं की हाडं खिळखिळी. आईला कमरेचा जुना त्रास. ती मागच्या सीटवर बसून दारावरचं हँडल दोन्ही हातांनी धरायची आणि खड्डा दिसला की श्वास रोखायची. तक्रार एका शब्दाची नाही. महिनाभरानं एकदा शांतपणे म्हणाली, "मी बसनं जाते, तू ये मागून."

मग गॅरेज. तिथे लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या सांध्यातले, रबरी बुश बदलले आणि गाडी आणखीच ताठ झाली. मग म्हणाले, शॉकअप, म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरणारे दांडे, गेलेत, चारही टाका. मी टाकणारच होतो. त्याच संध्याकाळी पार्किंगमध्ये तुम्ही माझ्या टायरवर चपलेची टाच आपटून बघत होतात. मी काच खाली केली तर तुम्ही नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट विचारलंत, "हवा कोणी भरली? दगड झालाय याचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी रात्रभर उभी राहून टायर थंड असताना, तुम्ही हवेचा दाब मोजायचा गेज लावलात. 41 पीएसआय. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर 33. मी शहाणपणा केला, "पण टायरवर तर 51 छापलंय." तुम्ही म्हणालात, "ती टायरची सोसायची हद्द आहे. तू काय हद्दीवर राहायला जाणार आहेस का?" स्टिकर मूळ मापाच्या टायरचा, या पातळ टायरला थोडी जास्त हवा लागते, म्हणून तुम्ही 36 वर आणलीत. बाजारातून काहीही न आणता गाडी थोडी माणसात आली.

थोडीच. पण त्या थोडक्यातच तुम्ही मला धक्के ओळखायला शिकवलंत आणि खरं सांगायचं तर हे पत्र त्यासाठी आहे. तोवर माझ्या लेखी सगळे धक्के म्हणजे "सस्पेन्शन खराब". तुम्ही शेजारी बसलात, डोळे मिटलेत आणि प्रत्येक धक्क्याचं नाव सांगत गेलात. खडबडीत रस्त्यावर सतत जाणवणारी बारीक किरकिर टायरची. खड्ड्यात "धाड" आवाज येऊन धक्का थेट माकडहाडाला लागतो तो बंपस्टॉपचा, म्हणजे शॉकअपच्या दांड्यावरच्या शेवटच्या रबरी ठोकळ्याचा; स्प्रिंग दबायला जागाच उरलेली नाही. उंचवट्यावरून उतरल्यावर गाडी दोन-तीनदा डुलत राहिली तर दोष शॉकअपचा. "तुझी गाडी डुलते का?" नाही. "मग चार शॉकअप कशाला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नुसतं सांगून तुम्ही थांबला नाहीत. शॉकअपच्या दांड्यावरचं रबरी कव्हर वर सरकवून तुम्ही दांड्याला एक छोटा केबल टाय बांधलात आणि मला चक्कर मारून यायला सांगितलंत. परत आलो तर टाय सरकत सरकत थेट बंपस्टॉपला जाऊन चिकटलेला. गाडी उभी असताना शॉकअपचं नळकांडं आणि बंपस्टॉप यांच्यात माझी करंगळीही आडवी जात नव्हती. म्हणजे मी स्प्रिंगवर नाही, रबराच्या ठोकळ्यावर बसून गाडी चालवत होतो! आजवर कुठल्याही तज्ज्ञानं मला इतक्या स्वस्तात इतकं पटवून दिलेलं नाही.

मग बसवलं ते असं: मूळ मापाच्या स्प्रिंगा, नवे बंपस्टॉप, आणि शॉकअपचं वरचं टोक गाडीला धरणारे स्ट्रट माउंट. स्प्रिंग आवळायच्या कॉम्प्रेसरमध्ये दाबलेल्या स्प्रिंगसमोरून मला तुम्ही दोनदा हाकललंत, तिसऱ्यांदा ओरडलात. निसटली तर माणूस उरत नाही हे तेव्हा कळलं. पुढचे शॉकअप बाहेर आल्यावर दांडा हातानं आत दाबून तुम्ही सोडलात. सावकाश, एका चालीनं वर आला, कुठे अडकला नाही, अंगावर तेलाचा थेंब नाही. "हा बिचारा निर्दोष," म्हणून तो परत लावलात. मागे डाव्या शॉकअपमधून तेल झिरपत होतं, तेव्हा मागची जोडी बदलायला लावलीत, कारण एकच बदलला तर दोन बाजू दोन चालींनी चालतात. चार लागणार होते तिथे दोन लागले.

नंतर घरी बसून वाचत राहिलो. आरामदायी गाडीचं अंग स्प्रिंगांवर सेकंदाला साधारण एक ते दीडदा वरखाली होतं, जवळपास माणसाच्या चालण्याच्या ठेक्यात. स्प्रिंग ताठ केली की हा ठेका वाढतो. आणि बसलेल्या माणसाला सेकंदाला 4 ते 8 वेळा येणारे उभे हादरे सर्वांत जास्त जाचतात. आईची कमर हे सगळं न वाचताच सांगत होती.

पण सगळ्यात जास्त लक्षात राहिलाय तो बुशचा बोल्ट. नव्या बुशनं गाडी ताठ का झाली याचं उत्तर मला कोणीच देत नव्हतं. तुम्ही गाडी चारही चाकांवर नीट उभी केलीत, खाली सरपटत गेलात, लोअर आर्मच्या बोल्टला पाना लावलात आणि तो सैल होताच "खाट्" असा आवाज आला. पिळलेलं काहीतरी सुटल्यासारखा. रबरी बुश आतून-बाहेरून पकडलेला असतो, आर्म हलतो तसं रबर पिळतं. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर रबराला वाटतं, आपली जागा हीच. मग गाडी खाली आली की ते कायमचं पिळलेलं, प्रत्येक खड्ड्यात उलट जोर लावणार आणि लवकर फाटणार. तुम्ही गाडीच्या वजनाखाली बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचनं, म्हणजे मोजून जोर लावणाऱ्या पान्यानं, आवळलेत. नवा सुटा भाग एकही लागला नाही. ज्यांनी आधी आवळले होते त्यांना तुम्ही एक शब्दही वाईट बोलला नाहीत, फक्त "घाई असेल" म्हणालात. मी त्यांच्याबद्दल बरंच बोललो होतो, ते इथे लिहीत नाही.

टायरच्या वेळी मी पुन्हा हट्ट केला. अलॉय सोडवत नव्हते. तुम्ही वाद न घालता डिकी उघडलीत आणि स्टेपनी दाखवलीत: 185/65 आर 15. कंपनीचं मूळ माप माझ्याच गाडीत, माझ्याच सामानाखाली पडलेलं! मग जमिनीवर खडूनं हिशेब. अलॉयवरचा 205/45 म्हणजे रुंदी 205 मिलिमीटर आणि टायरची भिंत त्या रुंदीच्या 45 टक्के, जेमतेम 92 मिलिमीटर. 185/65 म्हणजे 120. मधला 28 मिलिमीटरचा फरक म्हणजे निव्वळ हवेची गादी. पूर्ण चाकाचा व्यास मात्र 616 आणि 621, एक टक्काही फरक नाही. तरी तुम्ही आधी स्टेपनीच पुढच्या चाकाच्या जागी लावून, हातानं फिरवून, ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही ना ते पाहिलंत. टायरवरचा भाराचा आकडा 88 आहे ना, म्हणजे एका टायरला 560 किलो, तेही वाचायला लावलंत. मगच "घे" म्हणालात. शेवटी अलाइनमेंट, कारण गाडीची उंची बदलली की चाकांचे कोन बदलतात.

तोटाही तुम्ही आधीच सांगितला होता. स्टीअरिंग पूर्वीसारखं चटकन उत्तर देत नाही. वळणावर गाडी किंचित झुकते. दिसायला साधी, जवळजवळ बावळट दिसते. पहिला आठवडा मला अलॉयची आठवण यायची. आता ते घरात भिंतीला टेकून आहेत, घरचे रोज विचारतात कधी विकणार.

परवा आईला घेऊन गेलो. त्याच रस्त्यावरचा तोच गतिरोधक आला, मी सवयीनं आरशात पाहिलं. तिचा एक हात पर्समध्ये होता, चष्मा शोधत. दुसरा मांडीवर. हँडल मोकळं.

गेज परत द्यायला रविवारी येतोय. आणि काका, थोडा वेळ काढून ठेवा. मागून उजवीकडून एक बारीक "कट् कट्" ऐकू येतंय, हळू जाताना फक्त. किरकिर नाही, धाड नाही, डोलणंही नाही. मला वाटतं लिंक रॉड, म्हणजे गाडीचं झुकणं आवरणाऱ्या बारला जोडणारी छोटी दांडी, असावी, पण तुम्ही डोळे मिटून ऐकल्याशिवाय मी पाना हातात घेणार नाही.

आपला,
पार्किंगमधला शिकाऊ