आईच्या गोळीबद्दल, दोघांनाही

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की आई तू म्हणतेस नंतर बोलू, आणि बाबा तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवता, म्हणून लिहितेय. आधी सांगूनच टाकते. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी इंदूरमध्येच एका मानसोपचाराच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतलीय, आईच्या झोपेच्या गोळीसाठी, आणि त्याआधी मी घरी येतेय. बरेच दिवस राहणार आहे, ऑफिसशी बोलणं झालंय, तिथूनच काम करीन. तुला न विचारता ठरवलं म्हणून राग येईल आई, येऊ दे. विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस कशाला, मी बरी आहे, आणि परत सगळे गप्प बसलो असतो.

रात्री बाथरूमला जाताना तू पडलीस तेव्हा बाबांनी मला जरा चक्कर आली एवढंच सांगितलं. मनगटावर निभावलं, पण खुब्याचं हाड मोडलं असतं तर? उतारवयात लिव्हर हे औषध हळू पचवतं, त्यामुळे रात्रीची गोळी सकाळपर्यंत अंगात रेंगाळते, पाय लटपटतात, विसरायला होतं. तू पोह्यांत दोनदा मीठ घालतेस, मावशीचा फोन येऊन गेला हे विसरतेस आणि मग एकटीच घाबरत बसतेस की आजीसारखं होतंय का, हे मला माहितीय ग. कदाचित ते तसलं काही नसेलच, गोळीमुळे असेल. तेवढ्यासाठी तरी दाखवूया ना.

अप्पा गेले त्या वर्षी तुला ही गोळी लागलीच होती, त्यात काही चुकलं नाही. अल्प्राझोलाम, डायझेपाम ह्या जातीच्या गोळ्या मुळात दोन ते चार आठवड्यांपुरत्याच असतात, पण आपल्याकडे चिठ्ठी एकदा मिळाली की वर्षानुवर्षं चालते. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं, त्याचं काम मेंदूला शांत करणं, आणि ही गोळी त्याचा जोर वाढवते. रोज गोळी मिळायला लागली की मेंदू त्या हिशोबाने स्वतःला बदलून घेतो, मग तीच गोळी पुरत नाही, पावची अर्धी होते, अर्धीची एक होते, आणि एक दिवस चुकली तरी छातीत धडधड आणि रात्रभर टक्क डोळे. तुला वाटतं बघ, गोळीशिवाय मला झोपच नाही. अग ते गोळी उतरतानाचं असतं. तू कमजोर नाहीस, कुणाच्याही शरीराचं असंच होतं. बाबांची शुगर वाढली की आपण त्यांना मन घट्ट करा म्हणतो का? रिपोर्ट बघतो, डोस बघतो, खाणं बघतो. तसंच आहे हे.

आणि विनूकाकांचं नाव काढून रडू नकोस की आता मलाही त्यांच्या रांगेत बसवलं. दारूसुद्धा मेंदूत ह्याच गाबावर काम करते, म्हणून तर दारू सोडवताना दवाखान्यात सुरुवातीला ह्याच जातीच्या गोळ्या देऊन हळूहळू कमी करतात. काकाही आजारीच होते, आपल्या घरात ते कुणी म्हटलं नाही एवढंच. त्यांना खोलीत ठेवून दारू एकदम बंद केली तेव्हा तिसऱ्या रात्री काय झालं ते बाबा तुम्ही पाहिलंय, मी परत लिहीत नाही.

म्हणूनच बाबा, नीट ऐका, तुम्हाला जोर चढला की तुम्ही वस्तू फेकून देता. ही गोळी फेकायची नाही, लपवायची नाही. एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. डॉक्टर सांगेपर्यंत आई जेवढी घेते तेवढीच घेईल, कमी नाही आणि जास्त नाही. मेडिकलवाल्या भैयाशी मी बोललेय, चिठ्ठीवर आहेत तेवढ्या तो देईल, वरची पट्टी देणार नाही. त्याच्यावर चिडू नका. २०१४ पासून ही गोळी शेड्यूल एचवन ह्या सरकारी यादीत आहे, पेशंटचं आणि डॉक्टरांचं नाव त्याला वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावं लागतं.

आता पुढे काय होईल ते सांगते म्हणजे उगाच मनात काही आणणार नाही. बाणगंगेच्या मेंटल हॉस्पिटलला वगैरे कुणी नेत नाहीये, डॉक्टर बाई आहेत, मराठी बोलतात, घरीच राहून होईल असं त्यांना वाटतंय. डोस अगदी थोडा कमी करायचा, साधारण पाच ते दहा टक्के, मग दोन ते चार आठवडे थांबायचं, शरीर सावरलं की पुढचा, नाही सावरलं तर अजून थांबायचं. कितीही महिने लागू देत. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला हेदर ॲश्टन नावाच्या डॉक्टर होत्या, त्यांनी १९८२ ते १९९४ ह्याच गोळ्या सोडवण्याचं क्लिनिक चालवलं, त्याही हळूहळूच उतरवायच्या, पेशंटला झेपेल त्या वेगाने. आणि तू शाळेत शिकवलंयस म्हणून तुला हे आवडेल, कॅनडात ६५ च्या पुढच्या लोकांना नुसतं एक माहितीपत्रक दिलं, गोळी काय करते आणि कशी उतरवायची, तर सहा महिन्यांत त्यातल्या २७ टक्के लोकांनी गोळी बंद केली, ज्यांना पत्रक दिलं नाही त्यांच्यात फक्त ५ टक्के. २०१४ मध्ये छापून आलंय. कुणी ओरडलं नाही, लाजवलं नाही, फक्त नीट समजावून सांगितलं.

मध्ये काही रात्री वाईट जातील, खोटं सांगत नाही. मी शेजारच्याच खोलीत असेन. परीक्षेच्या आदल्या रात्री मला झोप यायची नाही तेव्हा तू राजेंद्रनगरच्या गच्चीवर गादी घालून माझ्या डोक्यात तेल थापत बसायचीस, बाबा शब-ए-मालवा म्हणत त्या वाऱ्याचं कौतुक करायचे आणि मला कधी झोप लागायची कळायचंही नाही. आता मी बसेन ना तुझ्याजवळ, काय हरकत आहे.

बाकी आत्तापासूनच करायचं ते. रोज सकाळी एकाच वेळी उठायचं, रात्र कशीही गेली तरी. दुपारचं झोपणं कमी. चारनंतर चहा नाही, बाबा तुम्हीही तिच्यासमोर शेव-चहा घेऊन बसायचं नाही. झोप येत नसेल तर पलंगावर तळमळत पडायचं नाही, हॉलमध्ये येऊन बसायचं, डोळे जड झाले की परत जायचं, घड्याळ बघायचं नाही. पॅसेजसाठी रात्रीचा दिवा आणि बाथरूमसाठी न घसरणारी मॅट ऑर्डर केलीय, गुरुवारपर्यंत येईल, मॅट लगेच घाला, जपून ठेवू नका. आणि आई, गुडघ्यासाठी ती स्ट्राँग गोळी देतात ना, ट्रामाडोल, ती आणि झोपेची मिळून श्वास मंदावू शकतो, म्हणून सोमवारची वाट न बघता आजच ज्यांनी ती दिली त्यांना फोन करून विचारा. सर्दीची, खोकल्याची, शेजारच्या काकूंनी दिलेली, सगळी औषधं एका पिशवीत भरून ठेव, त्या मसाल्याच्या डब्यामागचीही, मला दिसलीयत, मी रागावले नाहीये.

मी पोचायच्या आत रात्री-बेरात्री आई फार घाबरली तर बाबा १४४१६ लावा, टेलीमानस, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास, हिंदीत बोलतात. फिट आली किंवा ती असंबद्ध बोलायला लागली तर मात्र फोन करत बसू नका, सरळ दवाखान्यात न्या.

मी येते म्हणून लाडू करत बसू नकोस. केलेसच तर डिंकाचे नको, बाबा चोरून खातात आणि मग शुगरचं मला कळतं. बाबा, तुम्ही स्टेशनवर यायचं नाही, मी रिक्षाने येईन.

तुमची,
मनू