बरणीतल्या चेरीची वाइन : झाकण घट्ट लावू नका

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

रविवार पुरवणीत घरगुती चेरी वाइनची कृती छापून आली आहे. चेरीची बरणी, वाटीभर साखर, चमचाभर बेकरीचं यीस्ट, झाकण घट्ट आणि तीन आठवडे अंधार. बरणीतल्या फळाची वाइन होते आणि चांगली होते. या कृतीने मात्र एक तर काहीच होणार नाही, नाहीतर काच फुटेल.

आधी चेरी कोणती ते पाहू. आपल्याकडे केकवर लावायला आणि पानात घालायला जी लालभडक ‘चेरी’ मिळते, ती बहुतेक वेळा करवंद असते : बिया काढून, रंगवून साखरेच्या पाकात मुरवलेलं. पाकिटावर बारीक अक्षरांत तसं लिहिलेलं असतं. रंगासाठी आयएनएस (खाद्यपदार्थांतल्या मिश्रकांचे आंतरराष्ट्रीय क्रमांक) १२७, टिकण्यासाठी २०२, २११ किंवा २२० असे आकडे असतात. २०२ म्हणजे पोटॅशियम सॉर्बेट, २११ म्हणजे सोडियम बेंझोएट, २२० म्हणजे सल्फर डायऑक्साइड. पहिली दोन नेमकी यीस्ट वाढू नये म्हणूनच घातलेली असतात, आणि उकळूनही ती भरवशाने जात नाहीत. अशा पाकात कितीही चांगलं यीस्ट टाका, आठवडाभर बुडबुडा दिसणार नाही.

ही वाइन जिथे खरोखर घरी करतात त्या जर्मनीत ‘शाटेनमोरेले’ जातीची आंबट चेरी वापरतात. ७२० मिलीच्या बरणीत फळ आणि रस मिळून ६८० ग्रॅम, निथळलेलं फळ ३५० ग्रॅम, बिया काढलेल्या. घटक तीनच : चेरी, पाणी, साखर. बरणी सीलबंद करून तापवलेली असल्याने वेगळं संरक्षक लागत नाही. खायची गोड चेरी घेऊ नये; आंबटपणा कमी पडून वाइन सपक लागते.

पाच लिटरसाठी अशा सहा बरण्या रसासकट. रसातली साखर मोजायला विसरू नका. शंभर ग्रॅमला १५ ग्रॅम धरली तर सहा बरण्यांत सहाशे ग्रॅम आधीच आहे. वरून साधारण ५०० ग्रॅम साखर सव्वा लिटर गरम पाण्यात विरघळवून, गार करून घालायची. सर्व बरण्यांवर साखर सारखी नसते, म्हणून शेवटचा शब्द हायड्रोमीटरचा, म्हणजे द्रवात तरंगवून घनता मोजायच्या काचेच्या नळीचा : घनता १.०८५ च्या आसपास हवी (साध्या पाण्याची १.०००). त्यातून साधारण ११ ते १२ टक्के अल्कोहोल मिळतं. साखर जास्त घातली की वाइन कडक होईल हा गैरसमज आहे; एका मर्यादेनंतर यीस्ट थकतं आणि अर्धवट गोड, जड पाणी उरतं. चाखून आंबटपणा कमी वाटला तर पाच ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड पुरे.

छापलेल्या कृतीत पेक्टिनचा, म्हणजे जॅम घट्ट करणाऱ्या फळातल्या पदार्थाचा, उल्लेखच नाही. बरणी भरताना फळ तापवलेलं असतं. त्यात पेक्टिन सुटतं आणि ते तोडणारं फळातलं स्वतःचं एन्झाइम मरतं. परिणामी वाइन महिनोन्‌महिने गढूळ राहते आणि लोक बेंटोनाइट माती घालून ती निवळायला बघतात; या गढूळपणावर तिचा उपयोग नाही. उपाय म्हणजे पेक्टिनेझ, हे पेक्टिन तोडणारं विकतचं एन्झाइम, पाकिटावर लिहिलं असेल तेवढं, यीस्टच्या बारा तास आधी. शंका असेल तर एक भाग वाइनमध्ये तीन-चार भाग जाळायचं (मेथिलेटेड) स्पिरिट मिसळून पाहा. दोरे किंवा जेलीसारख्या गुठळ्या दिसल्या तर पेक्टिनच. ते स्पिरिट विषारी असतं, तो ग्लास मोरीत ओतायचा.

यीस्ट वाइनचंच घ्यावं, पाच ग्रॅमचं पाकीट. बेकरीचंही चालतं, पण त्याचा गाळ तळाला घट्ट बसत नाही, नळी लावली की उठतो, आणि पावाचा वास राहतो. पाणी घालून पातळ केलेल्या रसात यीस्टला नायट्रोजन कमी पडतो. मग सडक्या अंड्याचा वास सुटतो. म्हणून डायअमोनियम फॉस्फेट दोन ग्रॅम. वास आलाच तर एकदा उंचावरून धार धरून दुसऱ्या भांड्यात ओतावं, बहुतेक वेळा उडून जातो. खोली १८ ते २२ अंश असावी. पंधराच्या खाली यीस्ट बहुधा मंदावतं.

पहिले चार-पाच दिवस दहा लिटरच्या झाकणाच्या बादलीत, वर नुसतं कापड. फळाचा थर वर तरंगतो, तो दिवसातून दोनदा स्वच्छ चमच्याने खाली दाबायचा. कोरडा पडला की त्यावर बुरशी येते किंवा आंबूस व्हिनेगरचा वास धरतो. घनता १.०२० च्या जवळ आली की मलमलीतून गाळून काचेच्या पाच लिटरच्या बरणीत. चोथा पिळू नका, आपणहून निथळू द्या. तोंडाला बूच आणि पाणी भरलेला एअरलॉक : वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न येऊ देणारी छोटी नळी. बरणी गळ्यापर्यंत भरलेली हवी, वर हवेची पोकळी नको.

आता झाकण. वरच्या हिशेबातली एक किलो शंभर ग्रॅम साखर पूर्ण आंबली की अडीचशे लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. मुरांब्याच्या बरणीत एवढा वायू कोंडायचा म्हणजे स्वयंपाकघरात काचा उडवायची तयारी! एअरलॉक नसेल तर बुचातून नळी काढून तिचं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवा. एकवीस दिवस हा आकडाही सोडून द्यावा. आंबणं संपलं हे कॅलेंडर सांगत नाही, हायड्रोमीटर सांगतो : दोन आठवड्यांत तीनदा मोजून घनता १.००० किंवा त्याखाली आणि तीच आली पाहिजे.

मग गाळावरून सायफनने (नळीने ओढून) काढून, टिकण्यासाठी अर्धा ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (सल्फाइट) घालावं. दमा असलेल्यांना ते आधी सांगावं. दोन महिन्यांनी परत एकदा गाळावरून काढावी. बाटलीत गेल्यावर निदान सहा महिने हात लावू नये. गोड हवी असेल तर साखर बाटलीत भरण्याआधी, आणि यीस्ट पुन्हा जागं होऊ नये म्हणून त्याबरोबर सॉर्बेट (वरचं २०२). सॉर्बेट एकटं कधीच नाही. सल्फाइट नसेल तर लॅक्टिक जिवाणू त्याच्यावर तुटून पडतात आणि वाइनला जिरेनियमच्या चुरगळलेल्या पानांचा वास येतो, तो कशानेच जात नाही.

‘घरच्या वाइनने आंधळेपणा येतो’ ही भीतीही पुरवणीत होती. आंबवलेल्या फळात मिथेनॉल अत्यल्प असतं. धोका आहे तो ही वाइन घरी भट्टीला लावण्यात, आणि ते जर्मनीतही बेकायदाच आहे.

शेवटी जी ओळ कृतीच्या आधी छापायला हवी होती ती. जर्मनीत घरापुरती वाइन करायला मुभा आहे. महाराष्ट्रात महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, आणि त्यात वाइनही येते, मग ती विकायची नसली तरी.

आपला,
एक वाचक, श्टुटगार्ट