मीठ-साखर : कुणाला मारक, कुणाला तारक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लोणची-मुरंब्यांवरील आपल्या पुरवणीतल्या लेखात 'मीठ आणि साखर सर्व जिवाणूंना मारतात' असे सरसकट विधान आहे. लिंबाच्या लोणच्यात मीठ जिवाणूंची वाढ रोखते, हे खरेच. पण 'सर्व' हा शब्द चुकीचा आहे. नागपुरात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना हा गैरसमज मला दरवर्षी खोडून काढावा लागे, म्हणून हा पत्रप्रपंच.

जिवाणूच्या आत विरघळलेल्या पदार्थांची दाटी असल्याने पाणी सतत आत शिरू पाहते आणि तो दाब पेशीभित्तिका, म्हणजे पेशीभोवतीचे कणखर आवरण, पेलते. पेनिसिलिनने भित्तिकेची बांधणी थांबली की साध्या माध्यमात, म्हणजे जिवाणू वाढवण्याच्या द्रवात, तो फुटतो. मात्र माध्यमात पुरेशी साखर असेल, तर तो गोल होऊन तगतो आणि काही जाती त्याच अवस्थेत वाढतातही. एमी क्लीनेबर्गर यांनी १९३५ मध्ये लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये अशा रूपांचे वर्णन केले आणि संस्थेच्या आद्याक्षरावरून त्यांना 'एल-रूपे' हे नाव दिले.

यासाठी लिटरला सुमारे १७० ग्रॅम साखर घालतात. मिठाचे पाण्यात दोन आयन (विद्युतभारित कण) होत असल्याने तेवढाच दाब जेमतेम १५ ग्रॅम मिठाने साधतो. तरीही साखरेऐवजी मीठ कुठेही चालते असे नाही. स्टॅफिलोकोकस या जिवाणूंच्या एल-रूपांना ५ टक्के मीठही मानवते, इतर जातींचे प्रमाण वेगळे. ते फार वाढवले, तर पेशीतले पाणी ओढले जाऊन वाढ खुंटते.

एका प्रात्यक्षिकात साखरेच्या द्रावणातले, भित्तिका गमावलेल्या ई. कोलाय जिवाणूंचे गोल सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसत होते. एका विद्यार्थिनीने आच्छादन काचेच्या कडेला डिस्टिल्ड वॉटरचा एक थेंब सोडला आणि पाणी पुढे सरकत गेले तसतसे ते एकेक करून फिके पडत नाहीसे झाले. तिने मान वर करून 'सर, गेले!' म्हटले, ते मला आजही आठवते.

हा विषय प्रयोगशाळेपुरता नाही. मूत्रमार्गाचा संसर्ग वारंवार होणाऱ्या वृद्ध रुग्णांच्या मूत्रात एल-रूपे आढळल्याचे न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये नोंदवले. मूत्रातील विरघळलेले पदार्थ तिथे साखरेचेच काम करतात, आणि पेशीभित्तिकेवर मारा करणारी औषधे या रूपांपुढे निष्प्रभ ठरतात.

म्हणून 'सर्व जिवाणूंना मारतात' याऐवजी 'बहुतेक जिवाणूंची वाढ रोखतात' अशी दुरुस्ती पुढील पुरवणीत छापावी, ही विनंती.

– सूक्ष्मजीवशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक, नागपूर