रविवारच्या बैठकीला येताना पगारपत्रक आणा

सर्व पार्किंग कर्मचारी सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी 10 वाजता नेहमीच्या जागी बैठक आहे. रात्रपाळीवाले थोडे उशिरा आले तरी चालेल, पण या.

मागच्या वेळी दिलेले फॉर्म बघितले. ‘कामावर समाधानी आहात का?’ यापुढे बहुतेकांनी नुसतं ‘ठीक’ लिहिलंय. ठीक म्हणजे काय? तळघरात आठ तास धुरात उभं राहिल्यावर नाक पुसलेला रुमाल काळा होतो, ते लिहा. बसायला खुर्ची नाही, लघवीसाठी समोरच्या हॉटेलवाल्याच्या विनवण्या कराव्या लागतात, हरवलेल्या पावतीचे पैसे आपल्याच पगारातून कापतात, तेही लिहा. चांगलं असेल तर तेसुद्धा येऊ द्या. रोजचं गिऱ्हाईक न बोलता हातात चावी देऊन जातं, याचं आपल्याला बरं वाटतंच की!

आता पगारपत्रकाचं. ईएसआयसाठी, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्यासाठी, आपल्या पगाराचे 0.75 टक्के कापतात, मालकाने 3.25 टक्के घालून दोन्ही भरायचे असतात. कपात दिसते पण कार्ड हातात नाही, अशांनी आधी भेटा. यूएएन, म्हणजे पीएफसाठी मिळालेला आपला कायमचा नंबर, माहीत असेल तर पीएफचं पासबुक मोबाईलवर बघून या. जादा तासांना दुप्पट दर मिळायला हवा. तुमचे तास वहीत मांडलेले असतील तर वही आणा. ठेकेदाराने पगार थकवला तर ज्याने ठेका दिला त्यालाही तो देणं भाग आहे, हे विसरू नका.

फॉर्मवर नाव घालायची गरज नाही.