चिऊ, डब्यांच्या मागच्या बाजूचे फोटो पाठव

चिऊ,

दिवाळीत तू आलीस तेव्हा ओट्यावर तुझ्या डब्यांची रांग बघितली पण बोललो नाही, घर पाहुण्यांनी भरलेलं आणि जावईबापूंसमोर विषय काढणं बरं वाटेना. फोनवर सांगायला गेलं की तू हो बाबा हो बाबा करून ठेवून देतेस म्हणून लिहितोय. सावकाश वाच.

त्या सकाळी तू उठलीस, चहा ओतलास, आणि थायरॉईडची गोळी, कॅल्शियम, मल्टिव्हिटॅमिन आणि ती केसांची गुलाबी गमी सगळं एकदम चहाबरोबर घेतलंस. अगं थायरॉईडची गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची, चहा त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने, आणि कॅल्शियम किंवा लोह ज्यात आहे ते काहीही चार तासांनी, कारण कॅल्शियम त्या गोळीला आतड्यातच धरून ठेवतं, रक्तात पुरती जाऊ देत नाही. मल्टिव्हिटॅमिनमध्ये पण लोह असतं बघ. म्हणजे गोळी रोज घेतलीस तरी अंगी किती लागली कोण जाणे.

आता गमीचं. डबीवर बायोटिन, म्हणजे बी-गटातलंच एक व्हिटॅमिन, १०,००० मायक्रोग्रॅम लिहिलंय. माणसाला दिवसाला ३०-४० पुरतं आणि ते शेंगदाण्यातून, धान्या-कडधान्यातून मिळून जातं. जास्तीचं लघवीवाटे निघून जातं म्हणून कुणी फारसं मनावर घेत नाही, पण लॅबच्या काही टेस्ट अशा असतात की त्यांच्या केमिकलमध्येच बायोटिन वापरलेलं असतं, मग तुझ्या रक्तात ते भरपूर असलं की मशीन फसतं, टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन, ते कमी दिसलं की थायरॉईड जास्त समजतात) खोटा कमी येतो आणि टी-फोर, म्हणजे थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन, खोटा जास्त. अमेरिकेत औषधांवर नजर ठेवणाऱ्या एफडीएने २०१७ मध्ये यावर इशारा दिला होता, हार्ट अटॅकची ट्रोपोनिन टेस्टसुद्धा यामुळे चुकू शकते. तुझा टीएसएच खाली आला म्हणून डॉक्टरांनी ७५ ची गोळी ५० वर आणली ना? त्यांना गमीचं सांगितलं होतंस का? मला शंका अशी येते की रिपोर्ट म्हणतोय थायरॉईड जास्त आणि अंगात मात्र ते कमीच पडतंय, म्हणून थकवा, म्हणून केस गळतायत, आणि केस गळतायत म्हणून तू अजून गमी खातेस. माझी शंका चुकीची पण असेल. पण तीन दिवस गमी बंद कर, लॅबवाल्याला आणि डॉक्टरांना दोघांना सांग, मग टेस्ट परत कर. गोळीचा डोस मात्र स्वतःच्या मनाने बदलू नकोस.

तू म्हणशील बाबा स्वतः मेडिकल चालवतात, ३१ वर्षं याच गोळ्या विकून घर चाललं आणि आता मलाच शिकवतात. त्याचं कारण आत्या आहे. तुला तेव्हा फक्त आत्या आजारी आहे एवढंच सांगितलं होतं, खरं काय झालं ते सांगितलं नव्हतं. तिचं डी व्हिटॅमिन फार कमी होतं, डॉक्टरांनी ६० हजार युनिटच्या कॅप्सूल लिहिल्या, आठवड्यातून एक. दुकानातून मीच दिल्या. गर्दी होती, पाकिटावर लिहायचं राहिलं. ती रोज एक घेत राहिली, संपल्या की दुसऱ्या दुकानातून आणल्या, दोन महिने. रोजची गरज ६०० युनिटची आणि ती घेत होती ६० हजार. डी चरबीत साठतं, बी किंवा सीसारखं लघवीतून निघून जात नाही, त्याने रक्तातलं कॅल्शियम चढलं, आधी नुसती तहान आणि बद्धकोष्ठता, मग उलट्या, मग बोलताना गोंधळायला लागली आणि क्रिएटिनिन वाढलं, म्हणजे किडनीवर ताण आला. ॲडमिट करून सलाईन लावावं लागलं, रिपोर्ट जागेवर यायला काही महिने गेले. ताई एका शब्दाने मला बोलली नाही. त्या दिवसापासून डीची कॅप्सूल देताना मी मार्करने वार लिहून देतो, "फक्त रविवार", आणि समोरच्याकडून वदवून घेतो.

याचा अर्थ सगळं फेकून दे असा नाही हं. आईचं बघ ना. गळ्यात माळ, अंडंसुद्धा नाही, दूध-दही तेवढं, आणि बी-ट्वेल्व्ह झाडपाल्यातून मिळतच नाही. पायाला मुंग्या, जीभ लाल, नावं विसरणं, वयामुळे होतंय म्हणून आम्ही दोघांनी वर्ष घालवलं. त्यात शुगरची मेटफॉर्मिन, ती पण बी-ट्वेल्व्ह कमी करते. इंजेक्शनं झाली, आता गोळी चालू आहे आणि या वर्षी पंढरपूरला चालत गेली. ज्याचं खरंच कमी आहे त्याला ही एवढीशी गोळी केवढं देते ते मी घरातच पाहिलंय.

आणि एक गोष्ट, खरं तर आईने बोलायची. तुम्ही दोघं बाळाचा विचार करताय असं तिच्याकडून कळलं. तर फॉलिक ॲसिड आत्तापासून सुरू कर, ४०० मायक्रोग्रॅम रोज, निदान महिनाभर आधीपासून तरी हवं. बाळाच्या मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते, तेव्हा कित्येक बायकांना दिवस गेलेत हेच माहीत नसतं. १९९१ मध्ये मोठा अभ्यास छापून आला तेव्हापासून यावर वादच नाही. फक्त त्याबरोबर बी-ट्वेल्व्ह पण तपासून घे, तू पण आईसारखीच शाकाहारी. नुसतं फॉलिक घेतलं की रक्त सुधारलेलं दिसतं आणि बी-ट्वेल्व्हच्या कमतरतेने आतून नसा खराब होत राहतात. आणि ती कोपऱ्यातली व्हिटॅमिन ए ची वेगळी डबी बंद, ए चे मोठे डोस पोटातल्या बाळाला चालत नाहीत, मल्टिव्हिटॅमिनमध्ये किती आहे ते पण बघू. थायरॉईडचं तर गर्भ राहायच्या आधीच नीट व्हायला हवं, म्हणून टेस्टची मला एवढी घाई.

प्रोटीन पावडरबद्दल फार काही नाही, किडनी चांगली असेल तर बेताने घे, नाहीतर उसळ आणि पनीर आहेच. ती वजन कमी करायची पुडी मात्र, जिच्यावर एफएसएसएआयचा (खाण्याच्या मालाच्या सरकारी परवान्याचा) १४ आकडी नंबर पण नाही, ती आजच कचऱ्यात टाक, आत काय घातलंय देव जाणे.

आज संध्याकाळी सगळ्या डब्यांच्या मागच्या बाजूचे फोटो पाठव, पुढची बाजू नको. आकडे नीट दिसू देत, मी बसून बेरीज करतो, एकच गोष्ट तीन डब्यांतून जातेय का ते त्यावरून कळेल. आत्या रविवारी जेवायला येणार आहे, तेव्हा फोन कर, ती विचारत होती तुला.

बाबा