दिल्या, आधी थायरॉईडची टीएसएच तपासणी करून घे

नागपूर,
१२ जून

प्रिय दिल्या,

परवा फोन ठेवला आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. होस्टेलच्या गॅलरीतून तू हाक मारलीस की मेसपर्यंत ऐकू जायची. तोच आवाज आता घोगरा, ओढल्यासारखा. वर म्हणालास, "पन्नाशी उलटली बे, आता असंच चालायचं." दिल्या, हेच वाक्य मी दोन वर्षं घोकत होतो. म्हणून लिहायला बसलो. फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

तुला तेव्हा कळवलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मी रात्री कूलर बंद करायला लागलो. मे महिन्यात, नागपुरात! पोरं उशा घेऊन गच्चीवर गेली, हिनं कपाळाला हात लावून ताप बघितला. ताप कुठला, मला खरंच थंडी वाजायची. दुपारी ऑफिसात फाइल उघडी आणि डोळे मिटलेले. पोट साफ नाही, कातडी कोरडी, सकाळी उठावं तर डोळ्यांखाली सूज. न्हावी एकदा आरशातून बघत म्हणाला, "भाऊ, भुवया कोरल्या का?" बाहेरची टोकं विरळ झाली होती. साहेबांनी मला कामचुकार ठरवलं, मी स्वतःला म्हातारा ठरवलं, एका डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं. थायरॉईड कुणाच्या डोक्यातच आलं नाही, कारण तो म्हणे बायकांचा आजार! बायकांमध्ये तो कितीतरी जास्त दिसतो हे खरंय, पण मिशी आहे म्हणून तो आपल्याला सोडत नाही.

शेवटी तो सापडला पायावरून. कोलेस्टेरॉल २८० निघालं म्हणून एका वयस्कर फिजिशियनकडे गेलो. त्यांनी मला खुर्चीवर गुडघे टेकायला लावले, पावलं मागे लोंबती, आणि टाचेच्या वरच्या जाड शिरेवर रबरी हातोडी मारली. पाऊल झटक्यात हललं, पण जागेवर परत यायला सरकारी फाइलीसारखा वेळ. त्यांनी पुन्हा मारली, पुन्हा तेच. काही न बोलता चिठ्ठीवर टीएसएच लिहिलं. आलं ५८. असायला हवं साधारण ०.४ ते ४.

आमचा मेव्हणा रिपोर्ट बघून म्हणतो, "वाढलाय म्हणजे थायरॉईड जोरात चाललाय." नेमकं उलटं. टीएसएच ही मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीची आरोळी. गळ्यातली ग्रंथी झोपली की ही आवाज चढवते, आपल्या मेसच्या महाराजासारखी. ५८ म्हणजे घसा फोडून ओरडणं, आणि ग्रंथी तरी ढिम्म. अँटी-टीपीओ ही रक्ताची दुसरी तपासणीही पॉझिटिव्ह निघाली. म्हणजे शरीराची फौज आपल्याच ग्रंथीवर चालून गेलेली. हाशिमोतो नावाच्या जपानी डॉक्टरनं १९१२ साली याचं वर्णन केलं, त्यावरून आजाराला त्याचंच नाव. यात आयोडीनचे थेंब घेऊन काही साधत नाही, झालं तर नुकसानच. घरातलं आयोडीनचं मीठ तेवढं पुरे.

आता तुझं. गेल्या महिन्यात कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली आणि मांड्या भरून येतात म्हणालास. थायरॉईड मंद असला की कोलेस्टेरॉलचा निचरा नीट होत नाही, आणि तशात ती गोळी घेतली की स्नायू दुखण्याची शक्यता वाढते. त्यात तुझ्या ताईला थायरॉईड आहेच, आणि हा आजार घराण्यात फिरतो. मनानं गोळी बंद करू नकोस. मांड्यांचं डॉक्टरांना सांग आणि टीएसएच, फ्री टी-४ (थायरॉईड ग्रंथीचा स्वतःचा हार्मोन) करून मागून घे. डोक्यावर उरलेल्या चार केसांसाठी बायोटिन खात असशील तर तेही सांग, त्यानं रिपोर्ट फसतो.

निघालंच काही, तर माझे पराक्रम ऐकून ठेव. पहिले दोन महिने मी थायरॉक्सिनची, म्हणजे ग्रंथीला पुरेसा बनवता येत नाही त्या हार्मोनची, गोळी चहाबरोबर घेतली. दुधाचा चहा, वर टोस्ट. टीएसएच जागचं हलेना. मग कळलं, ती उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा निदान अर्ध्या तासानं, तासानं घेतला तर उत्तम. कॅल्शियम, लोह, ॲसिडिटीच्या काही गोळ्या यांच्यात चार तासांचं अंतर. आता साडेपाचला गजर होतो, उशाशी तांब्या असतो, गोळी घेऊन पुन्हा आडवा होतो. दुसरा पराक्रम मोठा: बरं वाटलं, रिपोर्टही चांगला आला, म्हणून गोळीच सोडली. तीन महिन्यांत टीएसएच १९. गोळीमुळे चांगला आलेला रिपोर्ट दाखवून गोळी बंद करणारा मी एकटाच नसेन म्हणा. एखादा दिवस चुकला तर घाबरायचं नाही, औषध अंगात बरेच दिवस टिकतं. पण सोडायची नाही.

डोस हळूहळू वाढवतात. माझा २५ मायक्रोग्रॅमपासून सुरू झाला, आज १०० वर आहे. दर बदलानंतर सहा-आठ आठवड्यांनी तपासणी. लवकर बरं व्हायचं म्हणून दोन-दोन घेऊ नकोस, छाती धडधडते आणि पुढे हाडंही झिजतात. तुझ्या बीपीचं आठवणीनं सांग, हृदयाकडे बघूनच डोस ठरवतात. वजनाचं मात्र स्वप्न पाहू नकोस. माझं तीन किलो उतरलं. बाकीचं थायरॉईडचं नव्हतंच, तर्री-पोह्यांचं होतं. कोबी खाऊ नका वगैरे मेसेज येतात तेही सोडून दे, शिजवलेली भाजी आम्ही खुशाल खातो.

शनिवारी रक्त देऊन ये. रिपोर्टचा फोटो पाठव, मग फोन मी करीन आणि तू ऐकायचं. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
सुध्या

ता. क. कूलर सध्या माझ्याच खाटेकडे तोंड करून असतो. त्यावरून घरात भांडणं होतात.