‘मेडोरा’ आमच्या मुलांना मराठीत सांगणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सविनय नमस्कार.

तिसऱ्या शनिवारी ‘मेडोरा’ हा अमेरिकन माहितीपट दाखवून झाल्यावर प्रोजेक्टर आवरून आपण बेळगावच्या बसमध्ये बसलात, तेव्हा घाईघाईत मी आपले आभार मानले होते. परंतु आपण आमच्या मुलांसाठी नेमके काय केलेत, हे त्यानंतरच्या काही आठवड्यांत मुलांचे वागणे पाहताना मला हळूहळू उमगत गेले. म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांना वाचता यावे अशा रीतीने लिहिते, कारण सीमाभागातल्या मराठी शाळांमध्ये माझ्यासारखे संघ सांभाळणारे शिक्षक आणखीही असतील आणि त्यांच्यापर्यंत ही हकिकत पोहोचावी असे मला मनापासून वाटते.

आमच्या बास्केटबॉल संघात सातच मुले आहेत, हे आपण पहिल्या भेटीत पाहिलेत. क्रीडाशिक्षकाची जागा रिकामी असल्यामुळे मराठी शिकवणाऱ्या माझ्याकडे हा संघ आला. मैदान मातीचे आहे आणि रिंग एकाच बाजूला आहे. जमिनीपासून दहा फुटांवर असायला हवी ती रिंग दर पावसाळ्यात खालची माती वाहून गेली की आणखी उंच होते, आणि आम्ही पुन्हा पाट्या भरभरून माती टाकतो. शालेय स्पर्धा नेमक्या पावसाळ्यात येतात. शहरातली मुले सिमेंटच्या कोर्टवर सराव करीत असतात तेव्हा खानापूरच्या पावसात आमची मुले वर्गाच्या व्हरांड्यात एकमेकांना पास देत उभी असतात. ज्या सामन्यानंतर मी आपल्याला फोन केला, त्यात एक मुलगा तापाने आजारी होता आणि दोघे पाच-पाच फाऊल होऊन बाहेर गेले. उरलेली चार मुले शेवटच्या मिनिटापर्यंत पाचजणांशी खेळली. परतीच्या बसमध्ये कोणी कोणाशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी स्कोअरच्या वहीतले त्या सामन्याचे पान फाडलेले होते, आणि नीट पाहिले तेव्हा आधीचीही कितीतरी पाने नव्हती.

फोनवर हे ऐकून आपण धीराचे शब्द सांगत बसला नाहीत. आपण विचारलेत, “बाई, तुमच्याकडे पडदा आहे का?” अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या कोलंबस शहरी, कमिन्स या इंजिने बनवणाऱ्या कंपनीत, आपली उमेदीची वर्षे गेली आणि तिथून मेडोरा हे गाव मोटारीने तासाभराच्या आसपास, हे मला नंतर कळले. त्या गावाजवळचा १८७५ सालचा, वरून छप्पर घातलेला लांबलचक लाकडी पूल आपण मुलांना फळ्यावर काढून दाखवलात. पुलाला छप्पर कशाला, असे मुलांनी विचारताच लाकूड पावसाने कुजू नये म्हणून, हे आपण सांगितलेत, आणि पावसाचा विषय निघाल्याबरोबर आमच्या मुलांना ते गाव जवळचे वाटू लागले. तिथला विटांचा कारखाना बंद पडला हे ऐकल्यावर तर एकदम तीन-चार हात वर झाले. कोणाचे आजोबा कौलांच्या भट्टीवर होते, तर कोणाचे वडील भट्टीचे काम सुटल्यावर गोव्याला गेले होते.

‘मेडोरा’ हा माहितीपट अँड्र्यू कोन आणि डेव्ही रॉथबार्ट या दोघांनी केला आणि तो २०१३ साली प्रदर्शित झाला. शंभरही विद्यार्थी नसलेले हायस्कूल, त्याचा बास्केटबॉल संघ, आणि आधीच्या हंगामात खेळलेल्या २२ सामन्यांपैकी एकही न जिंकलेली मुले, एवढाच त्याचा विषय. आजूबाजूच्या गावांनी आपापल्या लहान शाळा एकत्र करून मोठ्या केल्या, मेडोराने केली नाही. त्यामुळे हजारभर मुलांतून निवडलेल्या संघांपुढे या मूठभर मुलांना उभे राहावे लागते. शाळा विलीन करण्याची चर्चा आमच्याही गावात अधूनमधून उठते, म्हणून हा भाग पाहताना मुलांपेक्षा मागे उभे असलेले पालकच अधिक स्तब्ध झाले होते.

दीड तासही न लागणारा हा माहितीपट आपण तीन शनिवारी दाखवलात. त्यासाठी त्यातले सगळे बोलणे दोनशे पानी दोन वह्यांमध्ये आपण आधी मराठीत उतरवून काढले होते. त्या वह्या मी पाहिल्या आहेत. एकेका वाक्याची तीन-तीन रूपे लिहून दोन खोडलेली आहेत. प्रशिक्षकाचे बोलणे आपण साध्या प्रमाण मराठीत ठेवलेत आणि मुलांचे मात्र आपल्याकडच्या बोलीत, ‘काय करूलास रे’, ‘सांग की’ असे. भाषेची शिक्षिका म्हणून मला आधी हे थोडे खटकले होते, हे मोकळेपणाने सांगते. परंतु लॉकर रूममध्ये मान खाली घालून बसलेला तो उंच अमेरिकन मुलगा आमच्या मुलांच्याच शब्दांत बोलू लागला तेव्हा वर्गात जी शांतता पसरली, तिने माझी शंका कायमची मिटवली.

१९५४ ची गोष्ट आपण दुसऱ्या शनिवारी सांगितलीत. अवघ्या १६१ विद्यार्थ्यांच्या मायलन हायस्कूलने मन्सी सेंट्रलसारख्या मोठ्या शाळेला ३२–३० असे हरवून इंडियाना राज्याचे अजिंक्यपद मिळवले आणि शेवटच्या क्षणी बॉबी प्लम्पने बास्केट केली. त्या राज्यात प्रत्येक मुलाला ही गोष्ट माहीत असते. पुढे १९९७ पासून शाळांच्या आकारानुसार वेगवेगळे गट पाडून स्पर्धा होऊ लागल्या, हेही आपण सांगितलेत. मला वाटले, आता आपण मुलांना म्हणाल की तुम्हीही मायलनसारखे व्हा. आपण तसे म्हणाला नाहीत. एवढेच म्हणालात की मायलनची गोष्ट एकदा घडली आणि ती सांगून संपते. मेडोराच्या मुलांना मात्र पुढच्या शुक्रवारी पुन्हा खेळायला जायचे असते. एवढ्या सरळपणे आमच्या मुलांशी यापूर्वी कोणी बोलले नव्हते.

त्याच दिवशी आमच्या सर्वांत लहान खेळाडूने विचारले, “काका, ते हरत होते तरी त्यांनी शूटिंग कसं काय करू दिलं?” आपण लगेच उत्तर दिले नाहीत, चष्मा पुसत राहिलात. मग सांगितलेत की ते दोन दिग्दर्शक सामन्यापुरते आले नव्हते, हंगामभर गावात राहिले होते, मुलांच्या घरी जात होते. त्यावर मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, “मग लपवून काय उपयोग?” त्या मुलाला आपण शाबासकी दिली नाहीत, त्याच्या वाक्यावर भाष्यही केले नाहीत, पुढचा भाग सुरू केलात. मी इतकी वर्षे शिकवते आहे, पण त्या जागी मी नक्कीच दहा मिनिटे बोलले असते.

आणखी एका गोष्टीबद्दल मला आपले वेगळे आभार मानायचे आहेत. आईच्या दारूच्या व्यसनामुळे मित्राच्या घरी राहणाऱ्या खेळाडूचा भाग वगळावा, असे शाळेत काहींचे मत होते आणि मीही त्यांच्यात होते. आपण बेळगावहून खास त्यासाठी आलात, मुख्याध्यापकांशी बोललात आणि तो भाग ठेवलात. आमच्या संघातला एक मुलगा मामाकडे राहतो. तो सहसा बोलत नाही. दाखवून झाल्यावर तो आपल्याजवळ आला आणि तेवढाच भाग पुन्हा लावण्याची त्याने विनंती केली. आपण खोलीचे दार ओढून घेतलेत आणि त्याच्याबरोबर बसलात. तुम्ही काय बोललात हे मी विचारले नाही, विचारणारही नाही. आता तो सरावाला सर्वांच्या आधी येतो, एवढे कळवते.

मेडोराच्या मुलांनी अखेरीस एखादा सामना जिंकला की नाही, ते मी इथे लिहीत नाही, कारण हे पत्र वाचणाऱ्यांनी तो माहितीपट स्वतः पाहावा अशी माझी इच्छा आहे. आमच्या मुलांचे मात्र सांगते. त्यानंतर आम्ही तीन सामने खेळलो आणि तिन्ही हरलो. पहिला ४१–१२ असा हरलो. त्या संध्याकाळी बसमध्येच मुलांनी माझ्याकडे स्कोअरची वही मागितली. मी ती शाळेतच विसरले होते. तेव्हा संघनायकाने दप्तरातून आपल्या भाषांतराची दुसरी वही काढली, जी आपण त्याच्याजवळ वाचायला ठेवून गेला होता, आणि तिच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर त्या सामन्याचे गुण, कोणी किती बास्केट केल्या, किती फ्री थ्रो चुकले, सगळे मांडून लिहिले. पुढचे दोन सामनेही तिथेच लिहिले गेले आहेत.

पहिली वही या पत्रासोबत परत पाठवत आहे. दुसरी आमच्याकडेच ठेवून घेण्याची परवानगी द्यावी, अशी माझी आणि सातही मुलांची विनंती आहे. तिच्यात अजून अकरा पाने कोरी आहेत.

आपली कृतज्ञ,
संघाची जबाबदारी सांभाळणारी एक शिक्षिका
खानापूर तालुका, जिल्हा बेळगाव